वारा अडवा, हवा नका अडवू

पत्र : ताई, शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला आमचं शेतातलं घर आहे. २०० लिटरच्या लोखंडी ड्रमचा स्मोकर, म्हणजे मंद आचेवर धुरात मांस शिजवायची भट्टी, करून घेतलाय. खाली एक-एक इंची तीन भोकं, झाकणाला दोन इंची धुराडं. दिवाळीपर्यंत कोंबडी, मटण सगळं मनासारखं व्हायचं. पण डिसेंबर लागला, रात्री पारा आठ-नऊवर आला आणि वारं सुटलं की आचच धरेना. म्हणून मी पाच बाय पाच, सहा फूट उंच असं पत्र्यांचं खोपटं उभं केलं, चारही बाजूंनी बंद, वरून ताडपत्री. आता पहिला तास काटा १२० अंशांवर राहतो, मग ८० वर येतो. झाकण उघडून बघावं तर निखारे भडकतात आणि काटा १७० वर. मांसाला कडवट वास लागतो. एकदा कोंबडी हाडाजवळ कच्ची निघाली, पाहुण्यांसमोर मान खाली गेली. ब्लोअर लावू का? की पत्र्यांना आतून थर्माकोल लावून घेऊ? एक मात्र चांगलं झालं, आत ऊब राहते. आई नातवाला घेऊन तिथेच शेकायला बसते. म्हणते, 'आठे बरं वाटस.'

भाऊ,

तुम्ही विचारलेल्या गोष्टींकडे येते, पण आधी पत्रातली शेवटची ओळ. आईंना आणि नातवाला त्या खोपटात यापुढे बसू देऊ नका. आज रात्रीही नाही.

कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साईड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. आपल्याला वास येतो तो धुरातल्या इतर गोष्टींचा. त्यामुळे धूर विरळ झाला म्हणजे हा वायूही गेला, असं होत नाही. उलट जराही धूर नसलेला लालभडक निखाराच माणसाला फसवतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने या वायूला धरून ठेवतं. श्वास नीट चाललेला असतो, पण अंगाला ऑक्सिजन पोचत नसतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं, मग झोप येते. थंडीच्या रात्री उबेला बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला पेंग आली तर घरात कुणाला शंका येणार? मूल तर मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतं, त्याला त्रास लवकर होतो.

कोरोनाच्या काळात घेतलेलं ऑक्सिमीटर घरात असेल तर त्यावर भिस्त ठेवू नका. बोटाला लावायच्या साध्या यंत्राला ऑक्सिजन धरलेलं आणि कार्बन मोनॉक्साईड धरलेलं रक्त वेगळं ओळखता येत नाही, आकडा चांगलाच दाखवतं. कुणाला तसा त्रास वाटलाच तर त्याला लगेच मोकळ्यावर आणा, १०८ ला फोन करा, आणि कोळशाजवळ कोंदट जागेत बसलो होतो हे डॉक्टरांना न विसरता सांगा. शेकायचंच असेल तर अंगणात, चारी बाजूंनी मोकळी शेकोटी करा. आणि स्मोकरमधले उरलेले निखारे घमेल्यात भरून निजायच्या खोलीत नेऊ नका, कितीही थंडी असो. ते विझल्यासारखे दिसले तरी तासन्‌तास धुमसत असतात.

हे आधी सांगितलं ते जिवाच्या काळजीने, पण तुमची आच का पडते तेही यातूनच उलगडतं.

तुमच्या खोपटाचा हिशेब मांडून बघा. पाच गुणिले पाच गुणिले सहा म्हणजे दीडशे घनफूट, साधारण सव्वाचार घनमीटर हवा. एक किलो लोणारी, म्हणजे लाकडाचा, कोळसा पुरता जळायला आठ घनमीटरच्या आसपास हवा लागते. म्हणजे खोपटातली सगळी हवा जेमतेम अर्ध्या किलो कोळशाची झाली. शिवाय ऑक्सिजन पार संपेपर्यंत निखारा थांबत नाही, तो थोडा कमी झाला की आधीच मंदावतो. पत्र्यांच्या फटींतून जरा ताजी हवा शिरत असणार म्हणून तुमचा पहिला तास निभतो. त्यानंतर धुराड्यातून निघालेला धूर ताडपत्रीखाली साठतो, हळूहळू खाली उतरतो आणि त्याच तीन भोकांतून परत ड्रममध्ये ओढला जातो. काटा ८० वर येतो तो या कोंडमाऱ्यामुळे.

झाकण उचललं की भुकेल्या निखाऱ्यांना एकदम हवा मिळते, म्हणून १७०. आणि कडवटपणा? हवा कमी पडली की लाकडाचे तुकडे नीट जळत नाहीत, दाट पांढरा धूर निघतो आणि त्यातली डांबरासारखी चिकट द्रव्यं मांसावर बसतात. ड्रम गार झाला की झाकणाला आतून बोट फिरवून बघा. काळा, चकचकीत, चिकट थर बोटाला लागला तर तोच पाहुण्यांच्या ताटात गेला होता. तो खरवडून काढा आणि एकदा मांस न ठेवता ड्रम चांगला तापवून घ्या.

आता थंडीचं. थंडीने ओढ कमी होते असं बहुतेकांना वाटतं, प्रत्यक्षात ती वाढते. धुराड्याची ओढ चालते ती आतली हवा हलकी आणि बाहेरची जड असते म्हणून. ड्रममध्ये १२० अंश असताना बाहेर ३० ऐवजी ८ अंश असतील तर हवेच्या वजनातला हा फरक सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. म्हणजे थंड रात्री ड्रम आपणहून जास्त जोराने हवा खेचायला तयार असतो. थंडी घेते ते दुसऱ्या बाजूने : लोखंडातून उष्णता साधारण पाव हिश्शाने जास्त बाहेर जाते. ड्रममधल्या कोळशाच्या टोपलीत तेवढा जास्त कोळसा घातला की भागतं.

खरा त्रास वाऱ्याचा आहे, आणि तो दोन ठिकाणी होतो. एक, तो ड्रमच्या पत्र्यावरची गरम हवा सतत पुसून नेतो. दोन, खालच्या भोकात घुसला तर भात्यासारखा निखारे फुलवतो, आणि झोत सरला की आच बसते. थंडीपेक्षा या वर-खाली होण्यानेच माणूस हैराण होतो आणि शेवटी सगळं बंद करून टाकतो. तुम्ही तेच केलंत. वारा अडवायला गेलात आणि हवाही अडली.

रावेर-यावलकडे केळीच्या बागांना कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावतात ते तुम्ही पाहिलंच असेल. ती काही पक्की भिंत नसते, तिच्यातून थोडा वारा आरपार जातो, आणि म्हणूनच ती कामाची. भरीव भिंतीवरून वारा उडी मारतो आणि पलीकडे भोवरा होऊन खाली आपटतो. थोडी विरळ आड असली की त्याचा जोर मोडतो आणि मागे हवा शांत राहते. तुमच्या ड्रमलाही तसंच करा. वाऱ्याच्या बाजूला, ड्रमपासून दहा-बारा फुटांवर, शेतातली हिरवी शेडनेट दोन भक्कम बांबूंवर ताणा. ५० टक्केवाली चालते, सहा फूट उंची पुरे. ती प्लास्टिकची आहे, म्हणून हे अंतर कमी करू नका.

मग ड्रमजवळचा आडोसा. ताडपत्री आजच काढा. वाऱ्याच्या पाठीमागच्या बाजूचा पत्रा पूर्ण काढा, अर्धा नाही. उरलेल्या तीन बाजू झाकणाच्या किंचित खाली येतील एवढ्याच ठेवा. ड्रम साधारण ३५ इंच उंच असतो, तो विटांवर ठेवला असेल तर तेवढी वाढ धरा. धुराड्याचं तोंड आडोशाच्या वर मोकळ्यात राहिलं पाहिजे, म्हणजे धूर परत खाली यायचा प्रश्नच उरत नाही. सहा फुटी पत्रे कापायचे नसतील तर आडवे उभे करा. ड्रम आणि पत्रा यांच्यात चहूकडून दीड-दोन फूट जागा ठेवा.

खरं सांगू का, मला पत्र्यांपेक्षा विटा आवडतात. पत्रा वाऱ्यात थडथडतो, त्याच्या कडा हात कापतात, आणि तो ऊब धरत नाही. जुन्या विटा कोरड्याच रचा, पण भिंत नऊ इंच जाड करा. एकाच पदराची रचली तर कलंडते आणि घरात लहान मूल आहे. बाजूच्या दोन भिंतींत खालच्या थरात दोन-तीन विटांची जागा मोकळी सोडा, वाऱ्याकडच्या भिंतीत नको. तुराट्यांचा कूड, तट्ट्या, गोणपाट, कडबा यांतलं काहीही आडोशाला वापरू नका. घर आणि गोठा निदान १० फूट लांब हवेत. कडब्याची गंजी त्याहून पुष्कळ लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला नको, कारण ठिणगी वाऱ्याबरोबरच जाते. छप्पर करूच नका. अवकाळीचं लक्षण दिसलं तर त्या दिवशी बेत पुढे ढकला.

वारा कुठून येतो ते मात्र तुमच्या शेतात तुम्हीच बघा. थंडीच्या लाटेत तो बहुतेक उत्तरेकडून असतो, पण डोंगराच्या पायथ्याला रात्री गार हवा उतारावरून खाली सरकत येते. दुपारचा वारा आणि रात्री दहाचा वारा एकाच दिशेचा असेलच असं नाही. ज्या वेळी स्मोकर पेटवता त्याच वेळी बघा. चिमूटभर राख हातातून सोडली तरी कळतं.

आता उदबत्तीची परीक्षा. ही कराच, कारण काटा फक्त आच सांगतो, हवा कशी चाललीय ते सांगत नाही. ड्रम १२० वर बसला की उदबत्ती लावून खालच्या उघड्या भोकापासून चार बोटं लांब धरा. धुराची रेघ न थरथरता वळून सरळ आत गेली पाहिजे. ती लपलपत असेल, मध्येच बाहेर फेकली जात असेल, तर वारा अजून भोकापर्यंत पोचतोय. ती आपली सरळ वरच चढत असेल, भोकाकडे वळतच नसेल, तर ओढ मेलेली आहे. तेव्हा राखेने जाळी बुजली का आणि धुराड्यात काजळी बसली का ते बघा. मग तीच उदबत्ती झाकणाच्या कडेने गोल फिरवा. जिथे धूर आत खेचला जातो किंवा ड्रममधला बाहेर पिचकतो तिथे फट आहे. तीन भोकं नीट सांभाळली आणि झाकणालाच बोटभर फट असली तर सगळी मेहनत वाया. शेवटी आडोशाच्या आत गुडघ्याएवढ्या उंचीवर धरा. तिथे धूर घुटमळत न राहता मोकळ्या बाजूने बाहेर सरकला की आडोसा जमला.

भोकं कशी हाताळायची याबद्दल माझं मत ठाम आहे. वरचं धुराडं कायम पूर्ण उघडं. आच कमी-जास्त करायची ती खालून. वरून दाबलं की धूर आत कोंडतो आणि तोच कडवटपणा परत येतो. टोपलीत न पेटवलेला कोळसा भरा, मधोमध खळगा करा आणि त्यात पाच-सहा मूठ चांगला पेटलेला, वरून राखाडी झालेला कोळसा ठेवा. तो शेजारच्याला सावकाश पेटवत जातो. सुरुवातीला तिन्ही भोकं उघडी. काटा १०० च्या आसपास आला की वाऱ्याकडचं भोक पूर्ण बंद, दुसरं अर्धं. १२० जवळ आला की मोकळ्या बाजूच्या एकाच भोकावर चालवा. एकदा हात लावला की पंधरा मिनिटं परत हात लावायचा नाही. लोखंडाला आणि निखाऱ्याला नवीन हवेची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच, आणि घाईघाईने उघड-मीट करणाऱ्याचा काटा रात्रभर झोके घेतो. काटा १०५ ते १३५ मध्ये कुठेही असला तरी मांसाचं काही बिघडत नाही, १२० चा हट्ट धरू नका. वर गेलेली आच खाली आणणं फार कठीण, खालची वर आणणं सोपं, म्हणून चढताना आधीच लगाम घाला.

झाकण उघडून बघायची सवय सोडा. त्याऐवजी मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्या. कोंबडीच्या मांडीत, हाडाला न टेकवता, सगळ्यात जाड भागात ७४ अंश दाखवले की ती झाली, रंग कसाही दिसो. मटणाचा खांदा रेशा सुटेपर्यंत मऊ हवा असेल तर ९० ते ९५ पर्यंत जाऊ द्या. आणि आच मध्येच पडली, मांस तासन्‌तास कोमट राहिलं, चार तास झाले तरी ६० पार गेलं नाही, तर ते पाहुण्यांना वाढू नका. त्या दिवशी पिठलं-भाकरी करा, कुणी नावं ठेवणार नाही.

ड्रममध्ये पाण्याचं भांडं ठेवत असाल तर थंडीत ते जपून. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला निदान ८५-९० ग्रॅम कोळशाची सगळीच्या सगळी उष्णता खर्च होते, आणि ड्रममध्ये सगळी उष्णता काही पाण्यालाच मिळत नाही. गार पाणी तर घालूच नका. उकळतं घाला, तेही अर्धा लिटर. किंवा भांड्यात कोरडी रेती भरा, ती आच धरून ठेवते.

एका रात्रीबद्दल वेगळं सांगायला हवं : वारा पडलेली, आभाळ निरभ्र असलेली कडाक्याची रात्र. अशा वेळी जमिनीलगतची हवा सगळ्यात गार असते आणि वर थोडी उबदार. धूर वर चढतच नाही, अंगणावर चादरीसारखा पसरून राहतो. केळीच्या बागेत पहाटे केलेला धूर खोडांच्या मधून कसा आडवा सरकतो ते आठवा. बागेला तो हवा असतो, तुम्हाला नको. अशा रात्री आडोशाची एकच नव्हे, दोन बाजू मोकळ्या ठेवा, वारा नाही तर आड कशाला? घराच्या खिडक्या त्या बाजूला असतील तर ड्रम आणखी लांब न्या. शक्य असेल तर सकाळी ऊन चढल्यावर पेटवा आणि संध्याकाळी जेवण वाढा. हिवाळ्यात मला हीच वेळ सगळ्यात बरी वाटते.

कोळशाबद्दल थोडक्यात. बाभळीचा लोणारी कोळसा चांगला, पण दव पडायला लागलं की उघड्यावरच्या पोत्यात तो ओलावा ओढतो आणि मग पेटायला रडतो. आदल्या दिवशी उन्हात पसरा, झाकणाच्या पिंपात ठेवा. मोठे तुकडे खाली, चुरा बाजूला काढा, चुऱ्याने हवेच्या वाटा बुजतात. धुरासाठी वाळलेलं आंब्याचं, पेरूचं किंवा बोरीचं लाकूड, मुठीएवढे दोन-तीन तुकडे पुरे. धुराड्यातून येणारा धूर निळसर, जेमतेम दिसेल असा हवा. कपाशीच्या काड्या मात्र स्मोकरमध्ये नकोत. जळगावकडच्या बामणोद-आसोद्याची वांगी त्यावर भाजतात ते मलाही प्रिय आहे, पण तिथे आच मोकळी आणि थोड्या वेळाची, शिवाय साल काढून टाकतो. बंद ड्रममध्ये चार-पाच तास त्या धुरात मांस ठेवायचं, आणि कपाशीवर किती फवारण्या होतात ते तुम्ही मला सांगावं असं नाही.

तेवढ्यावरून आठवलं, तुमचा ड्रम आधी कशाचा होता? खाद्यतेलाचा असेल तर ठीक. औषधाचा, रसायनाचा किंवा कशाचा ते माहीतच नसेल, तर कितीही जाळून घासला असला तरी तो अन्नासाठी वापरू नका. दुसरा घ्या.

आता तुमचे दोन प्रश्न. थर्माकोल अजिबात नको. तो शंभर अंशांच्या आतच आक्रसायला लागतो, पेटला तर वितळून ठिबकतो आणि काळा विषारी धूर सोडतो. ऊब धरायचीच असेल तर वेल्डिंगवाले ठिणग्यांसाठी वापरतात ते न जळणारं ब्लँकेट ड्रमच्या अंगाभोवती गुंडाळा, भोकं आणि धुराडं उघडं ठेवून. ब्लोअरही नको. बंद खोपटात तो तीच वापरलेली हवा परत परत निखाऱ्यात मारेल, आणि आडोसा नीट झाला की त्याची गरज उरणार नाही. ब्लोअरला लागले असते त्या पैशांत मांसात खुपसायचा थर्मामीटर आणि घरासाठी बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म घ्या. अलार्म आईंच्या खोलीत लावा, आणि काम संपल्यावर ड्रमची वरची-खालची सगळी भोकं बंद करून त्याला सकाळपर्यंत बाहेरच राहू द्या. उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामाला येतो.